जर्मन क्लबात मराठी हवीच

दिवाळीनंतर दांडिया बाजारात एका नातलगांकडे सत्यनारायणाला गेले होते. प्रसाद घेताना ओळखीच्या एका आजोबांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही शाळेत जर्मन क्लब चालवता म्हणे. आमच्या नातवाला घरी आलेली लग्नपत्रिका मराठीत वाचता येत नाही. चि. सौ. कां. म्हणजे काय ते मला विचारतो. त्याला तुमचं जर्मन कशाला?" आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. मी तिथे दिलेलं उत्तर तोकडं पडलं. प्रश्न त्या आजोबांचा एकट्याचा नाही, बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांचा आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेली सात वर्षं मी बडोद्यातल्या एका हायस्कुलात जर्मन क्लब घेते. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास. आठवी ते दहावीची पंचवीसेक मुलं असतात. निम्मी गुजराती, सात-आठ मराठी, बाकीची सिंधी, मल्याळी, हिंदीभाषक घरांतली. क्लब म्हणजे विषय नव्हे. त्याला परीक्षा नाही, गुण नाहीत, मार्कशीटवर त्याची ओळही नसते. मुलं येतात ती यावंसं वाटतं म्हणून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हायस्कुलात जर्मन क्लब असावा, आणि तो महागड्या शाळांपुरता राहू नये. पण त्या क्लबात मराठीला आणि गुजरातीला चपलांबरोबर दाराबाहेर ठेवता कामा नये. जे जर्मनमधून कळलं ते घरच्या भाषेत सांगता आलं पाहिजे, हा क्लबाचा पहिला नियम हवा. तो नियम नसेल तर आजोबांचा आक्षेप खरा आहे, आणि मग मीही त्यांच्याच बाजूला बसेन.

नव्या मुलांच्या पहिल्या महिन्यात मी टेबलावर तीन वस्तू मांडते. चमचा, काटा, सुरी. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेअर ल्योफल, डी गाबल, दास मेसर. इंग्रजी माध्यमातली मुलं चक्रावून जातात. सुरीला कसलं आलंय लिंग? दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरचा एक मराठी मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, एकदम म्हणाला, "मॅम, आमच्यातपण असंच असतं. तो चमचा, ती सुरी, ते ताट." त्याच्या पुढच्या बाकावरची गुजराती मुलगी वळून म्हणाली, "अमारामां पण! छोकरो, छोकरी, छोकरुं." हिंदीत दोनच लिंगं उरली. इंग्रजीत वस्तूंना ती नाहीतच. मराठीनं, गुजरातीनं आणि जर्मननं तिसरं लिंग अजून सांभाळलं आहे. त्या मुलाला मराठी जन्मापासून येत होती. आपण ती एका नियमानं बोलतो हे त्याला त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं.

मग 'दास मेडशन' येतं. मेडशन म्हणजे मुलगी, आणि ती चक्क नपुंसकलिंगी. शब्दाच्या शेवटी लहानपण दाखवणारा तो 'शन' लागला की जर्मनमध्ये नाम नपुंसकलिंगी होतं. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला हे घोकावं लागतं. ज्याच्या घरात 'ते लेकरू झोपलंय' आणि 'ते पोरगं ऐकत नाही' असं रोज कानावर पडतं त्याला समजावूनसुद्धा सांगावं लागत नाही.

याहून मोठी गंमत वाक्यरचनेत आहे. 'मी येत नाही, कारण मी आजारी आहे' यातलं दुसरं वाक्य जर्मनमध्ये होतं 'वाइल इश क्रांक बिन'. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. शब्दाखाली शब्द ठेवा, तंतोतंत बसतो. इंग्रजीच्या मार्गानं गेलेलं मूल क्रियापद मध्येच घालतं आणि दर वेळी चुकतं. 'आधी मराठीत म्हण' असं सांगितलं की बरोबर येतं. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले तेव्हा हे कोणी मला दाखवलं नव्हतं. आम्ही जर्मन इंग्रजीतून शिकलो, म्हणजे घराला लागून असलेल्या घरी गावाला वळसा घालून गेलो. विठ्ठलाला आपण तू म्हणतो, आईला तू म्हणतो, आणि अनोळखी माणसाला तुम्ही. जर्मन माणूसही देवाला आणि आईला 'डू' म्हणतो, परक्याला 'झी'. इंग्रजीत हा फरक आज उरलेला नाही. तरी आम्ही इंग्रजीच्या चष्म्यातूनच तो समजून घ्यायचो.

आता तो घरच्या भाषेत सांगायचा नियम. दर आठवड्याला मुलं एक जर्मन शब्द घरी नेतात आणि त्याचा घरातला जोडशब्द शोधून आणतात. शब्दकोशातला चालत नाही, घरच्या कोणाला तरी विचारून आणायचा. एकदा मी 'आबंडब्रोट' दिला. आबंड म्हणजे संध्याकाळ, ब्रोट म्हणजे पाव, आणि दोन्ही मिळून रात्रीचं साधं जेवण. जर्मन घरांत ते पुष्कळदा गारच असतं: पाव, लोणी, चीज, काकडी. मुलांनी वहीत 'डिनर' लिहून आणलं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'भाकरतुकडा'. तिनं आजीला सगळं वर्णन करून सांगितलं होतं. आजी म्हणाली, "म्हणजे काही साग्रसंगीत नाही, भाकरतुकडा खाऊन घेतात म्हण की." पावाच्या किंवा भाकरीच्या नावावरून अख्ख्या जेवणाचं नाव, आणि त्या नावातच साधेपणा. यापेक्षा नेमकं भाषांतर मला कुठे सापडलेलं नाही. त्या मुलीला तो शब्द त्याआधी ठाऊक नव्हता. जर्मन शब्द घेऊन ती आजीपाशी गेली आणि मराठी शब्द घेऊन परत आली. लग्नपत्रिका न वाचता येणाऱ्या नातवाबद्दल मला विचाराल तर माझं उत्तर या वहीत आहे.

बडोद्यात मराठी मागे पडली ती जर्मनमुळे नव्हे, हे आपण एकमेकांशी स्पष्ट बोललं पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळा एकेक करून कमी झाल्या. मुलं इंग्रजी माध्यमात गेली, तीही आपणच घातली. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची केली. ते योग्यच आहे, ज्या मातीत राहायचं तिची भाषा यायलाच हवी. त्यात इंग्रजी आली, हिंदी आली. मराठीला उरलं फक्त घर. आणि घरात आपण मराठी बोलतो, पण वाचत नाही. २०१८ मध्ये एक्क्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात झालं, आपण हौसेनं राबलो, पाहुण्यांना सेव-उसळ खाऊ घातली. त्या मांडवातून घेतलेली पुस्तकं मुलांबरोबर बसून आपण किती वेळा उघडली? शनिवारचा एक तास जर्मनला दिल्यानं मराठीचा एकही तास जात नाही, कारण तो तास मराठीला कोणी देतच नव्हतं.

परकी भाषा शिकलेलं मूल आपल्या भाषेला पारखं होतं ही भीती बडोद्यानं तरी बाळगू नये. विनोबांचं हायस्कूलचं शिक्षण याच शहरात झालं. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं होतं. संस्कृतातली गीता कळत नाही म्हणून मराठीत हवी, ही त्यांच्या आईची मागणीही इथल्याच घरातली. फ्रेंच घेतलेल्या त्याच मुलानं १९३०-३१ मध्ये 'गीताई' लिहिली. अरविंद घोष बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवत होते आणि त्याच वर्षांत मराठी आणि गुजराती शिकत होते. या शहराला चार भाषांचं ओझं कधी वाटलं नाही.

वाटलं नाही, कारण सयाजीराव महाराजांचा एक ठाम आग्रह होता. परकं ज्ञान आणायचं ते इथल्या लोकांच्या भाषेत उतरवण्यासाठी. सयाजी साहित्यमाला आणि सयाजी बालज्ञानमाला निघाल्या त्या याच हेतूनं, मराठीत आणि गुजरातीत. १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश निघाला, त्यात राज्यकारभारातल्या शब्दांना आठ भाषांतले पर्याय दिले आहेत. धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकून आले, तेव्हा महाराजांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले. अट इतकीच की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. जे शिकून आलात ते आम्हाला आमच्या भाषेत द्या, एवढाच तो करार. शाळेतल्या जर्मन क्लबाशी माझा करारही हाच आहे, फक्त पुस्तकाऐवजी वहीचं एक पान.

जर्मन माणसंही इथे येऊन राबली आहेत. ड्रेस्डनजवळच्या गावातला क्रुंबिगल १८९३ मध्ये भारतात आला तो बडोदा संस्थानच्या बागा सांभाळायला. बंगळूरच्या लालबागेशी त्याचं नाव जोडलं गेलं ते नंतर. १९४० च्या दशकात आपल्या म्युझियमचे संचालक होते हर्मान ग्योट्झ. कमाटीबागेतल्या त्या इमारतीत शाळेची सहल दर वर्षी जाते, पण हे नाव मुलांना कोणी सांगत नाही. ग्योट्झ पुढे हायडेलबर्गला भारतीय कलेचा इतिहास शिकवू लागले. त्याच हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर मराठी शिकून महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, खंडोबा-बिरोबाच्या परंपरा त्यांनी आयुष्यभर अभ्यासल्या. आपल्या नातवाला जी भाषा वाचता येत नाही, ती शिकायला एक माणूस जर्मनीहून आला होता. हे मी मुलांना सांगते तेव्हा वर्ग शांत होतो.

संस्कृत विरुद्ध जर्मन असं एक भांडण आपण मध्ये पाहिलं. केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये, शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना, ती काढून संस्कृत घेण्याचा निर्णय झाला. त्रिभाषा सूत्रात परकी भाषा बसते का, हा वाद करण्यासारखा आहे. पण अर्ध्या वर्षात मुलांच्या हातातलं पुस्तक बदलणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आणि मुळात या दोन भाषांना समोरासमोर उभं करणंच चुकीचं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ग्योटिंगन विद्यापीठानं सन्मान्य डॉक्टरेट दिली १८८५ मध्ये. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर पाठचिकित्सा शिकले ते बर्लिनला. शेकडो हस्तलिखितं समोर ठेवून कोणता पाठ जुना ते ठरवायची ती शिस्त पुण्याला रुजली, आणि तिचाच वारसा घेऊन बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. आपल्या रामायणाच्या कामी जी भाषा आली तिला संस्कृतची सवत का म्हणायचं? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक स्तरावर शिकवायच्या परकीय भाषांत जर्मनचं नाव आहे. क्लब तर या सगळ्या वादाबाहेरच राहतो, तो कोणाची जागा घेत नाही.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टींची आहे, आणि त्याबद्दल आम्ही जर्मन शिकवणाऱ्यांनीच बोलायला हवं.

एक म्हणजे व्हिसा. पालक क्लबात नाव घालायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "याचा तिकडे जायला उपयोग होईल ना?" त्यात वावगं काही नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, आणि भारतातून जाणाऱ्या कुशल कामगारांसाठी वर्षाला वीस हजारांऐवजी नव्वद हजार व्हिसा देण्याचं तिथल्या सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या बापाला मुलीनं नर्सिंग करून जर्मनीला जावं असं वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हिशेब त्याच्यापुढे मांडला पाहिजे. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे बी-टू, म्हणजे सफाईनं बोलता-लिहिता येण्याची पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात. क्लबात आठवड्याला एक, वर्षाला तीसेक. आठवी ते दहावीच्या तीन वर्षांत नव्वद. एवढ्यात सुरुवातीची ए-वन पातळी जेमतेम हाताला लागते. जी शाळा माहितीपत्रकावर विमानाचं चित्र छापून जर्मन क्लबाची जाहिरात करते ती पालकांची फसवणूक करते, हे मी अशा एका शाळेच्या बैठकीत बोलले आहे. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. तरी पुन्हा हेच बोलेन. चौदा वर्षांच्या मुलाला भाषा आवडायच्या आत तिचं तिकीट झालं की ती भाषा त्याला कधीच आवडत नाही.

दुसरी गोष्ट देखाव्याची. वार्षिक दिनाला जर्मन क्लब म्हणजे चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, पिसाच्या टोप्या आणि हातात सफरचंदाच्या रसाचे मोठे मग. तो वेश बव्हेरियातला, जर्मनीच्या एका कोपऱ्यातला. सगळ्या महाराष्ट्राला कोळ्याची टोपी घालून नाचवण्यासारखं हे आहे. त्यापेक्षा अकरा नोव्हेंबरची सांत मार्टिनची मिरवणूक मला फार जवळची वाटते. त्या संध्याकाळी जर्मनीत लहान मुलं स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गल्लीतून गात निघतात. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला मार्टिननं आपला झगा तलवारीनं फाडून अर्धा दिला, ती त्यामागची गोष्ट. आमची मुलं दिवाळीत उरलेल्या आकाशकंदिलाच्या कागदातून हे कंदील करतात आणि ती गोष्ट मराठीत, गुजरातीत सांगतात. एका मुलानं विचारलं होतं, सगळा झगा का नाही दिला? त्यावर पाऊण तास वाद झाला. तो तास मी वाया गेलेला मानत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी जर्मन क्लबाला टाळता येणार नाही. दर वर्षी कोणीतरी मुलगा हिटलरबद्दल विचारतो, आणि विचारताना त्याच्या आवाजात कौतुक असतं. हे कौतुक त्यानं घरातून, रिक्षातून, फोनवरून उचललेलं असतं. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्या माणसाचं आत्मचरित्र यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जर्मन संस्कृतीचा क्लब चालवायचा आणि यावर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. मी त्या मुलाला गप्प करत नाही. मी त्याला दगड दाखवते.

गुंटर डेम्निग नावाच्या कलाकारानं १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं त्यांच्या शेवटच्या घरासमोर, फुटपाथवरच, दहा सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा चढवलेला छोटा दगड बसवायचा. त्यावर नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड बसले आहेत. वाचायचं तर खाली वाकावं लागतं. बहुतेकांवर पहिले दोन शब्द एकच असतात: 'हीअर वोन्टे', म्हणजे 'इथे राहत होते'. भूतकाळाचा धडा मी याच दोन शब्दांनी शिकवते. चित्रातले दगड फळ्यावर लावते आणि मुलं एकेक वाचतात. बारा वर्षांची मुलगी, दुकानदार, शिक्षिका. हे त्यांच्याच देशातल्या लोकांनी आपल्याच दारासमोर लिहून ठेवलंय, हे कळलं की कौतुकाचा आवाज खाली येतो.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅम, आपल्याकडे असा दगड कुठे बसवता येईल?" मी उत्तर देण्याआधीच दुसरी एक मुलगी म्हणाली, "कमाटीबागेत. बाबासाहेबांचा." तिच्या घरी ती गोष्ट सांगितली जाते. वर्गातल्या इतरांना, मराठी मुलांनासुद्धा, ती माहीत नव्हती.

गोष्ट अशी. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. करारानुसार नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्यात आले, तर राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनी एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. कोणी ठेवून घेतलं नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. पुढे १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं. जर्मन त्यांना येत होतं. आम्ही ज्या भाषेचा धडा गिरवत होतो, ती त्यांनी गिरवलेली होती.

त्या मुलीनं वहीत वाक्य बनवलं. 'हीअर वोन्टे' तिला लिहिता येईना, कारण ते इथे राहिलेच नव्हते. मी तिला एक क्रियापद दिलं, 'ड्युर्फन', परवानगी असणे. तिनं लिहिलं, 'हीअर डुर्फ्टे एअर निश्त वोनन.' मग नियमाप्रमाणे घरच्या भाषेत. एकानं सुचवलं, 'इथे त्यांना राहण्याची परवानगी नव्हती.' तिला ते रुचलं नाही. ती म्हणाली, "परवानगीचा काय संबंध? इथे त्यांना राहू दिलं नाही." आणि लगेच मागून प्रश्न आला, "कोणी?"

जर्मन वाक्यात तो प्रश्न उठला नव्हता. डुर्फ्टे निश्त म्हटलं की वाक्य पुरं होतं. ज्यानं अडवलं तो त्यात कुठे दिसत नाही. 'दिलं नाही' म्हटलं की मराठी लगेच कर्ता मागते. मग आम्ही कर्ते मोजायला बसलो. सराय चालवणारा. काठ्या घेतलेले लोक. हिंदू मित्र. ख्रिस्ती मित्र. ऑफिसातले कारकून. आणि ज्या राज्यानं त्यांना शिकवलं, ज्याचा आपल्याला इतका अभिमान आहे, त्या राज्याची राजधानी. परक्या भाषेत शिकलेलं घरच्या भाषेत सांगायचा आग्रह मी का धरते ते मला स्वतःलाच इतकं स्वच्छ त्याआधी दिसलं नव्हतं. घरच्या भाषेत सांगताना आपल्याला अंग काढून घेता येत नाही.

नंतर एका पालकांचा फोन आला: जर्मन शिकवता की राजकारण? मी त्यांना सांगितलं की मुलगा त्या दिवशी एक साहाय्यक क्रियापद शिकला, त्याचा भूतकाळ शिकला आणि आपल्या शहरातली एक घटना शिकला. यातलं काय वगळू ते तुम्ही सांगा. त्यांनी मुलाला क्लबात येऊ दिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता राहिला प्रश्न कोणाला मिळतं याचा. आज बडोद्यात जर्मन शिकायचं तर मूल फीच्या शाळेत तरी असावं लागतं किंवा खाजगी वर्गाला पैसे भरणारं तरी. महानगरपालिकेच्या शाळेतून आठवी करून अनुदानित हायस्कुलात गेलेल्या मुलीला हा दरवाजा दिसतही नाही. आणि ज्या मुलांच्या घरात अजून धडधडीत मराठी, गुजराती बोलली जाते, ती मुलं त्याच शाळांत आहेत. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, ती तीन लिंगं, तो भाकरतुकडा, त्यांना सगळ्यांत आधी कळतील. भाषेची समृद्धी त्यांच्याकडे आणि भाषेचा क्लब दुसऱ्यांकडे, ही वाटणी बरोबर नाही.

खर्च म्हणाल तर फार नाही. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे जर्मन शिकवणारे धडे इंटरनेटवर फुकट आहेत, एका फोनवर आणि एका स्पीकरवर काम भागतं. पुस्तकांची छापील पानं लागतात, शिकवणारं माणूस लागतं. आपल्या विद्यापीठातून परकीय भाषा शिकून बाहेर पडलेली पुष्कळ मुलं-मुली या शहरात आहेत. त्यांच्यातल्या दोघीतिघींशी मी बोलले आहे, शनिवारचा तास द्यायला त्या तयार आहेत. कमी आहे ती जागेची. अनुदानित शाळा दुपारच्या पाळीमुळे वर्ग देऊ शकत नाहीत.

बडोद्यातल्या मराठी संस्थांकडे जागा आहे. सभागृहं आहेत, वाचनालयाच्या खोल्या आहेत, आणि शनिवारी सकाळी त्यांतल्या बऱ्याच बंद असतात. मी त्या संस्थांच्या चालकांना विनंती करते की एक खोली द्या. मराठी संस्थेच्या खोलीत जर्मन का, असं कोणी विचारलं तर मुलांच्या वह्या दाखवा. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी किंवा गुजराती, आणि खाली तो शब्द कोणाला विचारून आणला त्याचं नाव: आजी, मामा, शेजारच्या काकू. सत्यनारायणाच्या त्या आजोबांनाही मी बोलावणार आहे. मुलांना घरी विचारायला कोणी नसेल तर शब्द सांगायला असं एक माणूस खोलीत बसलेलं लागेल. जूनमध्ये शाळा उघडतात. त्याआधी खोली ठरली तर पहिल्या शनिवारी चमचा, काटा आणि सुरी मी घरून घेऊन येईन.